म्हातारीची शेपटी

त्या दिवशी सकाळी दहा वाजता धाकट्याने दाजींच्या तोंडावर ठोसा मारला आणि त्यांचा खालचा एक दात हँगरच्या फरशीवर पडला. तेव्हा वारा अगदी शांत होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नंतर जो तो सगळं वाऱ्याच्या नावावर खपवायला लागला.

दाजी म्हणजे ताईचे यजमान, आणि धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. तो तिला ताई म्हणायचा आणि त्यांना दाजी, त्यामुळे त्या लहानशा विमानतळावर येणारे शिकाऊ वैमानिक, पेट्रोलच्या टँकरचा ड्रायव्हर, इतकंच काय, हवामान कार्यालयातला फोनवरचा माणूससुद्धा त्यांना ताई आणि दाजीच म्हणायचा. विमानतळ म्हणायचं आपलं. एक डांबरी धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर, बाजूच्या गवतात सिमेंटमध्ये पुरलेल्या लोखंडी कड्यांची एक रांग आणि त्या कड्यांना दोरांनी बांधलेली पाच-सहा लहान विमानं, एवढाच कारभार. ताई इंजिनं खोलायची आणि जोडायची. दाजी परवाना असलेले तपासनीस, त्यांची सही झाल्याशिवाय कुठल्याही विमानाचं चाक हलायचं नाही. धाकटा विमान उडवायचा आणि उडवायला शिकवायचा, आणि उरलेल्या वेळात उडवण्याबद्दल बोलायचा.

भांडण झालं म्हातारीवरून. म्हातारी हे तिघांचं स्वतःचं विमान. दोन माणसांचं, पंख डोक्यावर, पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक बारकं चाक, त्यामुळे जमिनीवर उभी असली की नाक वर करून बसलेली दिसायची. भंगारातून आणून तिघांनी सहा वर्षं तिच्यावर जीव ओतला होता. पंखांचं कापड ताईने बोटं सोलवटेपर्यंत हाताने शिवलेलं होतं. त्या सकाळी दाजींना शेपटीच्या चाकाच्या ब्रॅकेटला केसाएवढी चीर दिसली. त्यांनी भिंगातून ती तीनदा पाहिली, ताईला दाखवली आणि लॉगबुकात लिहून टाकलं, ‘उड्डाणास अयोग्य’.

धाकट्याचं डोकं फिरायला तेवढं पुरे झालं. नवा ब्रॅकेट यायला तीन आठवडे लागणार होते. तो म्हणाला, तुम्ही जन्मभर जमिनीवर राहिलात म्हणून तुम्हाला जिथे तिथे चिरा दिसतात. दाजी म्हणाले, चिरा जमिनीवर असतानाच बघायच्या असतात. ते काही चिडून बोलले नाहीत, त्यांना चिडता येतच नव्हतं, आणि धाकट्याला नेमकं तेच सहन व्हायचं नाही. त्याने लॉगबुक ओढून भिंतीवर फेकलं. दाजी ते उचलायला वाकले, उचलून सरळ झाले आणि तेवढ्यात ठोसा बसला. मुठीत किल्ल्यांचा जुडगा होता.

ताई धावत मध्ये पडली. तिने धाकट्याचा हात धरला, मूठ उघडली आणि बोटं एकेक करून वाकवून पाहिली, मोडलं तर नाही ना. हे तिने का केलं हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आई गेली तेव्हा धाकटा चार वर्षांचा होता आणि ताई पंधराची. त्याला पडल्यावर उचलायचं, त्याने कुणाला मारलं की आधी त्याचा हात बघायचा आणि मग त्याच्या पाठीत धपाटा घालायचा, ही सवय तिच्या अंगात मुरलेली होती. बोटं शाबूत आहेत हे पाहून तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. दाजी फरशीवर दात शोधत होते. तिने केलेलं ते सगळं त्यांनी पाहिलं होतं.

दात सापडल्यावर त्यांनी तो रुमालात बांधून खिशात ठेवला आणि रक्त थुंकून धाकट्याला म्हणाले, “तुझ्या विमानाला मी पुन्हा हात लावणार नाही. उडून चाललं तरी लावणार नाही.”

धाकटा हसला, म्हातारीत बसला आणि एकटाच उडून गेला. चीर किती गंभीर आहे ते तुम्हाला वरून दाखवतो, म्हणाला.

आता दाजींना ओळखणाऱ्या कुणालाही त्यांच्या त्या वाक्याने धडकी भरली असती. हा माणूस खोटं लिहायचा नाही आणि बोललेलं मागे घ्यायचा नाही. ताईचा त्यांच्याशी वीस वर्षांचा संसार होता आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कधी रागाच्या भरात काही बोलून नंतर ‘तसं म्हणायचं नव्हतं’ असं केलेलं नव्हतं. तिने गरम पाण्यात मीठ घालून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी गुळण्या केल्या. दोघं आपापल्या कामाला लागले.

हवामानवाल्याने आदल्या दिवशी बजावलं होतं की संध्याकाळी मोठा वारा येईल. आधी डोंगराच्या बाजूने येईल, मग एकदम पडेल आणि पाठोपाठ उलट्या बाजूने उठेल, आणि तो दुसरा जास्त वाईट असेल. वाऱ्याने काही घड्याळ बघितलं नाही. दुपारी साडेबाराला हँगरचा पत्रा खडखडायला लागला आणि एक वाजेपर्यंत माणसाला उभं राहणं मुश्कील झालं.

लहान विमानाचं जमिनीवर वाऱ्यात काय होतं हे ज्याने पाहिलं नाही त्याला पटत नाही. त्याला वाटतं, विमान म्हणजे केवढं जड. पण ते उडण्यासाठीच बनवलेलं असतं, आणि पंखाखालून पुरेसा वारा गेला की आत माणूस आहे की नाही याची ते चौकशी करत नाही. ताई आणि दाजी रांगेतल्या एकेका विमानाचे दोर पुन्हा आवळत सुटले. वाळू तोंडावर सपासप बसत होती, डोळे उघडावेत तर आत खडे जात होते. हँगरचा मोठा सरकता दरवाजा पहिल्याच दणक्यात रुळावरून उतरून तिरका अडकला आणि विमानं ओढायचा ट्रॅक्टर आतच राहिला. मग छपराचा एक पत्रा सुटला. तो आडवा फिरत आला आणि वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या नारिंगी पिशवीचा लोखंडी खांब त्याने कमरेतून वाकवला. मध्ये माणूस असता तर दोन तुकडे झाले असते.

रांगेच्या टोकाला दातांच्या एका डॉक्टरचं लाल विमान होतं. डॉक्टर गाठ मारण्यात कच्चा. ताई तिथे पोचायच्या आत त्याचा डावा दोर तुटला, डावा पंख वर गेला, मग उजवा दोर तुटला आणि विमान माणसाच्या डोक्याइतकं वर उचललं गेलं. क्षणभर ते हवेत चांगलं सरळ होतं. मग ते पाठीवर आपटलं, पुन्हा उसळलं, एक पंख मागे सोडून कुंपणातून आरपार गेलं आणि पलीकडच्या खड्ड्यात जाऊन पेट्रोल गाळत पडलं. तीस सेकंदांत सगळं संपलं. ताई पालथी पडून बघत होती. तिच्या मनात डॉक्टरचा विचार नव्हताच. वर कुठेतरी धाकटा होता आणि तीन तास झाले होते, म्हणजे त्याच्या टाकीत आता तळ दिसत असणार होता.

तो सव्वाला आला. एरवी धाकट्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण विमान उतरवावं तर त्याने. समोरचा वारा एवढा होता की म्हातारी धावपट्टीवर जवळजवळ चालण्याच्या वेगाने खाली येत होती, वर जात होती, बाजूला फेकली जात होती, पुन्हा रेषेवर येत होती. पुढची दोन चाकं टेकली. मग शेपटी टेकली, आणि काड्कन आवाज झाला. ब्रॅकेट तुटला. शेपटीचं चाक उड्या मारत गवतात गेलं आणि म्हातारी धावपट्टीच्या मधोमध फतकल मारून बसली. दाजींचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण ते ऐकवायची ती वेळ नव्हती आणि ऐकवणारा माणूसही तो नव्हता.

अडचण अशी होती. नाक वाऱ्याकडे आहे, इंजिन चालू आहे आणि धाकट्याने हातातला दांडा पोटाशी ओढून धरला आहे, तोवर म्हातारी जागेवर राहणार होती. दांडा मागे ओढला की समोरचा वारा शेपटी खाली दाबून ठेवतो. पण टाकी रिकामी होत आली होती. धावपट्टीवर बांधायला काही नव्हतं, लोखंडी कडी मागे शंभर पावलांवर गवतात होती आणि चाक गेल्यामुळे तिला वळवणं धाकट्याच्या हातात राहिलं नव्हतं. हाताने धरूनच न्यायला हवं होतं. धरायला तिथे दोनच माणसं होती.

ताई धावपट्टीकडे वाकून पळत निघाली. अर्ध्यावर तिने मागे पाहिलं. दाजी हँगरच्या कोपऱ्याशी उभे होते. त्यांचा खालचा ओठ सुजून हनुवटीवर लोंबत होता. ते म्हातारीकडे बघत होते आणि त्यांचे हात खिशात होते. हाक मारावी असं तिला वाटलं, पण कुठल्या तोंडाने मारणार? ती तशीच पळत राहिली. एकटीने काय धरता येईल याचा हिशेब ती करत होती आणि तो कुठूनही केला तरी जमत नव्हता.

ती शेपटीशी पोचली तेव्हा दाजी तिच्या मागेच होते. त्यांच्या हातात दोर होता.

त्यांनी तिच्या कानाशी तोंड आणून सांगितलं, डावा पंख मी घेतो, झोत तिकडून येतोय. तू शेपटीवर भार दे. तोंड वाऱ्याकडेच ठेवून मागे मागे न्यायचं, वळवायचं नाही. वारा पडला तर थांबायचं आणि माझ्याकडे बघायचं, कारण मग तो मागून येईल. मागून आला तर धाकट्याने दांडा पुढे लोटायला हवा, मागे ओढलेला राहिला तर वारा शेपटीखाली शिरून तिला उलथी पाडेल. बोलताना त्यांच्या तोंडातून रक्ताचे थेंब तिच्या गालावर उडत होते. धाकट्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, ‘आतला’ म्हणाले.

आणखी एक गोष्ट होती, ती सांगायची गरज नव्हती. वाऱ्यात विमान धरलेल्या माणसाने आपली जागा सोडायची असेल तर ‘सोडतो’ असं ओरडायचं आणि दुसऱ्याचं ‘सोड’ आल्याशिवाय हात काढायचा नाही. एकाने धरलेलं आणि दुसऱ्याने सोडलेलं विमान हे कुणीच न धरलेल्या विमानापेक्षा वाईट. हा नियम नवशिक्यांना ताई शिकवायची. चहा प्यायला म्हणून न सांगता हात काढणाऱ्या एकाला तिने सगळ्यांसमोर असा फैलावर घेतला होता की तो पुन्हा विमानतळावर फिरकला नाही.

दाजींनी पंखाखालच्या कडीत दोर ओवला आणि दोन्ही हातांनी लोंबकळून धरला. ताई शेपटीच्या खोडावर पोट टाकून पडली. आत धाकट्याने इंजिनाचा जोर थोडा कमी केला आणि म्हातारी वाऱ्याच्या रेट्याने मागे सरकायला लागली. तुटका ब्रॅकेट डांबरावर ठिणग्या काढत घासत होता. दहा पावलं झाली, वीस झाली. मग गवत लागलं.

ताई सारखी दाजींच्या हातांकडे बघत होती. शेपटी तिने अंगाने धरली होती, डोळ्यांनी फक्त ते दोन हात धरले होते. एक झोत आला, डावा पंख हातभर उचलला गेला आणि दाजींचे पाय जमिनीवरून सुटले. आता सोडतील, तिला वाटलं. कुणीही सोडलं असतं. सकाळचा दात आठवला तरी सोडलं असतं, आणि कुणाची त्यांना बोल लावायची छाती झाली नसती. पंख खाली आला. दाजींचे पाय टेकले. पुन्हा झोत, पुन्हा पाय वर. या वेळी खाली आल्यावर त्यांनी दोराचे दोन वेढे डाव्या मनगटाभोवती घेतले आणि दोर मुठीत आवळला.

दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, हे तिथलं लहान मूलसुद्धा सांगेल. गुंडाळला की वेळेला सुटत नाही. दाजींनी स्वतः किती जणांना त्यावरून झापलं होतं. ताईने ते पाहिलं आणि तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. हा माणूस आता सोडणार नाही. तिला रडू आलं, वाळूतच आलं. सकाळपासून ती ज्याला घाबरत होती ते होणार नव्हतं. मग तिने त्यांच्या हातांकडे बघणं थांबवलं आणि मान वळवून कॉकपिटच्या काचेतून दिसणाऱ्या भावाच्या डोक्याकडे पाहिलं.

कडी वीस-पंचवीस पावलांवर राहिली होती तेव्हा वारा पडला. इतका अचानक की कानात दडे बसल्यासारखं झालं. उडालेला कचरा जागच्या जागी खाली यायला लागला. दाजी ओरडले, “दांडा पुढे! पुढे लोट!” इंजिनाच्या आवाजात धाकट्याला शब्द कळले नाहीत, फक्त दाजी आपल्यावर ओरडताहेत एवढं कळलं. आणि त्याला तेवढं पुरे होतं. दाजींना काहीतरी सुनवायला म्हणून त्याने आपल्या बाजूचं दार उघडलं.

वारा मागून आला. उघडलेलं दार त्याने बिजागरीतून उपटलं, पुढे नेऊन पंखाच्या टेकूवर आपटलं, आणि तिथून ते उलटून धाकट्याच्या तोंडावर बसलं. त्याच वेळी शेपटी ताईच्या पोटाखाली उसळली. तिने जीव खाऊन भार दिला. शेपटी वीतभर वर गेली, थरथरली आणि खाली आली. पहिला झोत तिने पेलला होता. डाव्या पंखावर दाजींनी पेलला होता. मग तिने काचेकडे पाहिलं. काच आतून लाल झाली होती आणि धाकट्याचं डोकं खांद्यावर कललं होतं.

ताई उठली आणि पळाली.

कॉकपिट तिच्यापासून सात-आठ पावलांवर असेल. तिने चार टाकली असतील. मागे शेपटी उचलली गेली ती थांबलीच नाही. दांडा अजून धाकट्याच्या मांडीवर मागे ओढलेला होता, वारा शेपटीखाली शिरला आणि म्हातारी नाकावर उभी राहिली. प्रोपेलरने जमीन खणली, मातीची ढेकळं गोळीसारखी उडाली आणि इंजिन किंचाळून बंद पडलं. ताई आडवी पडली. तिच्या डोक्यावरून डावा पंख कमानीसारखा वर गेला, आणि त्याच्या टोकाला, दोन मजले उंच, दाजी एका हाताने लटकत होते. मग सगळं पलीकडे कोसळलं. ज्या कापडावर ताईने बोटं सोलवटून घेतली होती ते फाटताना जो आवाज झाला तो तिला जन्मभर पुरला.

म्हातारी पाठीवर पडली होती, चाकं वर करून. दाजी तिच्या पलीकडे गवतात पडले होते आणि त्यांचा एक पाय मांडीतून भलत्याच दिशेला वळला होता. डावं मनगट हाडापर्यंत कापलं गेलं होतं. दोर अजून मनगटातच होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला पंखातून उखडून आलेली कडी होती.

ताई गुडघ्यांवर उठते तोवर उलट्या कॉकपिटमधून धाकटा बाहेर आला. त्याच्या कपाळाची कातडी भुवईवर लोंबत होती, एक डोळा रक्ताने भरून मिटला होता. तो दोनदा पडला आणि दोनदा उठला. त्याने गवतात पडलेली एक लोखंडी खुंटी उचलली आणि दाजींकडे निघाला. ताईला वाटलं, दोर सोडवायला चालला असेल.

त्याने दाजींच्या बरगडीत लाथ घातली. मग दुसरी घातली. “सोडलंत!” तो ओरडत होता. “सकाळी म्हणालात आणि करून दाखवलंत! सोडलंत ना!” तिसरी लाथ मोडलेल्या पायावर बसली तेव्हा दाजींच्या तोंडून जो आवाज आला तो माणसाचा वाटला नाही. पण ते बोलले काहीच नाहीत. त्यांनी फक्त उजवा हात डोक्यावर घेतला. धाकट्याने खुंटी दोन्ही हातांत धरून वर उचलली.

विमानाच्या चाकाला लावायचा लाकडी ठोकळा ताईच्या हाताला लागला. तो चार किलोचा असतो. तिने तो धाकट्याच्या कोपरावर घातला, आणि ज्या हाताची बोटं तिने सकाळी एकेक करून तपासली होती तो हात कोपरातून लुळा पडला. खुंटी खाली पडली. तो वळला तसा तिने ठोकळा पुन्हा उचलला आणि त्याच्या डोळ्यात, उघड्या असलेल्या एका डोळ्यात, तिने आयुष्यात पहिल्यांदा आपल्याबद्दलची भीती पाहिली.

“शेपटी माझ्याकडे होती,” ताई म्हणाली. “मी सोडली.”

धाकट्याला कळायला वेळ लागला. तो एकदा म्हातारीकडे बघायचा, एकदा दोराकडे, एकदा तिच्याकडे. का, असं त्याने विचारलं नाही. का ते त्याला माहीत होतं. तो मागे सरत गेला, गवतात बसला आणि लुळा हात मांडीवर घेऊन ओकायला लागला. ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. आज तिला ते जमलं, फक्त पाच मिनिटं उशिरा.

रुग्णवाहिकेसाठी फोन केला तर तिकडून सांगितलं, चाळीस मिनिटं लागतील, रस्त्यावर झाडं पडली आहेत. वारा तर आता कुठे जोरात आला होता. ताईने पट्ट्याने दाजींचा दंड आवळला, मनगटातून दोर सोडवला, आणि वाळू त्यांच्या तोंडावर येऊ नये म्हणून वाऱ्याकडे पाठ करून त्यांच्या अंगाला चिकटून बसली. तिच्या पाठीवर खडे बसत होते. शेवटी तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, शेपटी मी सोडली.

“माहीत आहे,” दाजी म्हणाले. “मी वर होतो ना. वरून सगळं दिसत होतं.”

मग तो लाथा घालत होता तेव्हा सांगितलं का नाहीत, असं तिने विचारलं.

“त्याला कुणालातरी मारायचंच होतं. मी आधीच पडलेलो होतो.” त्यांना हसायचं होतं, पण बरगड्यांनी हसू दिलं नाही. मग म्हणाले, “तू धावलीस त्याचं मला काही नाही. रक्त दिसलं, धावलीस. पण एक शब्द द्यायचा होतास. वेढा काढायला क्षणभर लागतो. तेवढा मिळाला असता.”

ताईने त्यांच्या दंडावरचा पट्टा आणखी आवळला.

“ओरडली असशील,” दाजी म्हणाले. “वाऱ्यात मला ऐकू आलं नसेल. तसं झालं का?”

ते तिच्याकडे बघत होते. हा माणूस जन्मात कधी कुणाला खोटं बोलायला जागा करून द्यायचा नाही, आणि आज मोडलेल्या पायाने पडल्या पडल्या तिच्यासाठी ती करून देत होता. हो म्हणायचं, बस. त्या वाऱ्यात कोण काय ओरडलं याला साक्षीदार नव्हता. त्यांनी विश्वास ठेवला असता, किंवा ठेवल्यासारखं केलं असतं, आणि उरलेली वीस-पंचवीस वर्षं त्या एका ‘हो’वर दोघांची सुखाने गेली असती. ताईने हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांचं मनगट तिच्या मांडीवर होतं, आणि ते बघत बघत तिला ते म्हणता येईना.

“नाही,” ती म्हणाली. “ओरडले नाही. तुम्ही तिकडे धरून आहात हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.”

दाजींनी ते ऐकून घेतलं. “बरं,” ते म्हणाले, आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली.